मायलोमा: हाडांचा कोणता फोटो, कशासाठी

(दृश्य: लाइटबॉक्सवर कवटीचा बाजूने काढलेला एक्स-रे)

हे काळे ठिपके नीट पाहा. ही कवटीच्या हाडाला पडलेली भोकं आहेत. पंचिंग मशीननं पुठ्ठ्याला पाडावीत तशी, काठ स्वच्छ. मल्टिपल मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. या पेशी हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेव आणतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना थोपवून धरतात. त्यामुळे भोक पडतं, पण त्याच्या काठावर नवं हाड धरत नाही. काठाची ही गोष्ट ध्यानात असू द्या.

(दृश्य: जुन्या पाकिटातून एकेक फिल्म बाहेर येते)

कवटी, छाती, पाठीचा कणा, कंबर, दोन्ही दंड, दोन्ही मांड्या. कित्येक दशकं मायलोमाची तपासणी म्हणजे हा फिल्मचा गठ्ठा. १९७५ साली ड्युरी आणि सॅल्मन या डॉक्टरांनी आजाराचे टप्पे ठरवले, तेही अशाच फिल्मवर भोकं बघून. पण मणक्यातल्या जाळीदार हाडाचा ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय साध्या एक्स-रेला पत्ताच लागत नाही. त्यातून कण्यावर आतड्यातल्या हवेची सावली पडते. फिल्म साफ आली की ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून कमरेला पट्टा लागतो आणि महिने निघून जातात.

(दृश्य: बोन स्कॅनची प्रतिमा, संपूर्ण सांगाडा)

हा बोन स्कॅन. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात उपयोगाचा. यातलं टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जिथे नवं हाड घडतंय तिथे जाऊन बसतं. मायलोमाच्या भोकाच्या काठावर नवं हाडच धरत नाही, मग ते बसणार कुठे? मोडलेली फासळी तेवढी उजळते आणि शेजारचं भोक अंधारात राहतं. मायलोमाच्या शोधासाठी हा स्कॅन लिहू नये, आणि तो नॉर्मल आला म्हणून हाडं नॉर्मल आहेत असं कुणी समजू नये.

(दृश्य: सीटीची खोली. टेबलावर रुग्ण, टेक्निशियन उशी सरकवतोय)

“मावशी, हात पोटावर. उशीवर सैल सोडा. आता हलायचं नाही हं.”

संपूर्ण शरीराचा लो-डोस, म्हणजे कमी किरणांचा सीटी. पहिली तपासणी हीच हवी. हातांची जागा ठरवायला टेक्निशियन एवढा वेळ घेतोय, त्याला कारण आहे. हात अंगालगत ठेवले तर दंडांच्या हाडांमुळे कण्यावर पांढरे-काळे पट्टे उमटतात आणि लहान भोक त्यातच हरवतं. डोक्यावर घ्यायला सांगावं, तर खांदा दुखणाऱ्या माणसाला ते पेलवत नाही. म्हणून पोटासमोर, उशीवर, कोपर किंचित वाकवून. दंडही चित्रात यायलाच हवेत, तिथेही भोकं पडतात.

(दृश्य: कन्सोलवरचे आकडे, जवळून)

१२० किलोव्होल्ट. ५० ते ७० मिलिअँपिअर-सेकंद. डोक्याच्या टाळूपासून गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत. स्कॅनला एक मिनिटही लागत नाही. डोस साधारण ४ ते ५ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोनेक वर्षांत मिळतो तेवढा. नेहमीच्या पोटाच्या सीटीची सेटिंग बदलायची राहून गेली, तर हाच डोस काही पटींनी चढतो.

आता रुग्णाचा मोकळा हात पाहा. सलाइन नाही, सुई नाही. हाड पाहायला कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून सोडतात ते औषध, लागतच नाही, आणि मायलोमात किडनी आधीच अडचणीत असू शकते. फॉर्मवर सवयीनं ‘कॉन्ट्रास्टसह’ लिहिलं गेलं असेल, तर तिथेच थांबवून विचारा.

(दृश्य: स्क्रीनवर मांडीच्या हाडाचा आडवा काप)

बाहेरचं पांढरं कडं म्हणजे टणक हाड. आतल्या पोकळीत चरबी असते, म्हणून ती काळपट दिसते. इथे मात्र करडा गोळा आहे. कडं अजून शाबूत आहे, पण पोकळीत पेशी भरू लागल्या आहेत. घाईत हा काप डोळ्याखालून निसटतो, म्हणून दोन्ही मांड्यांची पोकळी वरपासून खालपर्यंत सरकवत पाहायची.

मज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा जास्त असतील आणि सीटीत ५ मिलिमीटरचं एक भोक सापडलं, तरी उपचार लागतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत २१२ रुग्ण होते. त्यांतल्या साधारण चौघांत एकाचा एक्स-रे साफ होता आणि सीटीत भोकं होती.

(दृश्य: एमआरआयच्या बोगद्यात सरकणारं टेबल)

सीटी साफ आला तर एमआरआय. तोही संपूर्ण शरीराचा, नाहीतर निदान कण्याचा आणि कंबरेच्या हाडांचा. हाड झिजण्याआधी मज्जेत जमलेली गाठ इथे दिसते. ५ मिलिमीटर किंवा मोठ्या अशा एकाहून जास्त गाठी दिसल्या, तर आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाच्या २०१४ च्या निकषांनुसार तोही उपचार लागणारा मायलोमा. पाऊण तास निश्चल पडायचं असतं. पाठ दुखत असेल तर वेदनाशामक आधी द्यावं, नाहीतर विसाव्या मिनिटाला रुग्ण हलतो आणि चित्र फिसकटतं. पाय लुळे पडणं, लघवी अडणं यांत मात्र वाट पाहायची नाही: पूर्ण कण्याचा एमआरआय त्याच दिवशी.

(दृश्य: शिशाच्या जाड डबीतून निघणारी सिरिंज)

पेट-सीटी. डबीत आहे एफडीजी, किरणोत्सारी खूण लावलेली साखर. दर ११० मिनिटांनी तिचा किरणोत्सार निम्मा होतो, म्हणून रुग्ण उशिरा आला की डोस वाया. देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला.

६ तास उपास. रक्तातली साखर २०० च्या आत. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, कारण हललेला स्नायूही साखर ओढतो. डेक्सामेथासोन हे मायलोमाच्या उपचारातलं स्टेरॉइड सुरू झालं की साखर चढते आणि गाठींची चमकही मावळू शकते, तेव्हा पहिला पेट त्याआधी उरकावा. दहांतल्या सुमारे एका रुग्णाच्या पेशी ही साखर धरूनच ठेवत नाहीत. तिथे पेट साफ दिसतो आणि एमआरआयवर विसंबावं लागतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं नुकतीच झाली असतील तर सगळी मज्जाच उजळते. तो आजार नव्हे.

(दृश्य: एकाच मणक्याच्या दोन जोड्या, उपचाराआधी आणि नंतर)

वरच्या ओळीत सीटी: भोक तेवढंच. खालच्या ओळीत पेट: आधी निखारा, आता काहीच नाही. या भोकात आता जिवंत आजार दिसत नाही, पण हाड बहुधा भरून येणार नाही. पुढच्या रिपोर्टात ‘भोक कायम’ असं येईल, तेव्हा ते नवं आहे का, वाढलं आहे का, एवढंच पाहायचं. त्यासाठी जुना स्कॅन शेजारी लागतो.

(दृश्य: काउंटरवर पाकिटात सरकवली जाणारी सीडी)

फिल्मवर मोजकेच काप छापलेले असतात. सीडी मागून घ्या.