बाबाची खरी तारीख

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिली आहेत. मी सोलापूरचा, 'काय बे, कधी आलास?' एवढं विचारण्यातच आमची दहा मिनिटं जातात.

गेल्या आठवड्यात घरी भांडण झालं. मुलगी अकरा वर्षांची. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं शिवराज्याभिषेक निवडला, आणि मी कॉलर ताठ करून फिरत होतो. रात्री तिनं विचारलं, "बाबा, तारीख नक्की कोणती? 6 जून, 16 जून, की ज्येष्ठ शुद्ध 13?" मी म्हणालो, सगळ्याच बरोबर. "म्हणजे तुला माहीत नाही." मी चिडलो, आवाज चढवला. तर तिनं माझा पासपोर्टच पुढ्यात ठेवला. "आजी म्हणते तू नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालास. इथं तर 1 जून आहे. मग आपण केक कुणाचा कापतो?"

हसू नका. या हॉलमध्ये शाळेत मास्तरांनी लावून दिलेल्या तारखेचे 1 जूनवाले किती आहेत, हात वर करा म्हटलं तर पंचाईत होईल.

झोप आली नाही. कपाटातून पंचांग काढलं. दाते, अर्थात. आमच्या सोलापूरचंच. दरवर्षी शेंगाचटणीच्या डब्यासोबत येतं आणि डब्याइतकं कधी उघडलं जात नाही. मोजत बसलो. 1674 साली राज्याभिषेक झाला तेव्हा रायगडावर शके 1596, आनंदनाम संवत्सर. सोहळ्याला आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन 6 जून लिहितो. चौलच्या पोर्तुगिजांकडे त्याच दिवशी 16 जून! पोपनं 1582 साली दहा दिवस गाळले होते, 4 ऑक्टोबरनंतर थेट 15. इंग्रजांनी ते 1752 पर्यंत मानलं नाही. वार तेवढा दोघांचाही शनिवार. आमच्या सोलापूरच्या किल्ल्यात हिजरी 1085, चीनमध्ये कांगशी बादशहाचं 13 वं वर्ष, मॉस्कोत जगाच्या उत्पत्तीपासूनचं 7182. मराठी कागदांत वर अरबी नावाचा शुहूर सन, 'खमस सबैन अलफ', म्हणजे 1075. आणि त्याच दिवसापासून महाराजांचा स्वतःचा राज्याभिषेक शक 1. आज कितवा चालू आहे? मलाही बोटं मोजावी लागली.

मग त्या सालची संक्रांत शोधली. 'संक्रांत 14 जानेवारीला' हे आपण शाळेत घोकलेलं. पण 1674 साली ती आजच्या कॅलेंडरनं 9 जानेवारीच्या आसपास होती. इंग्रजांचा तर तेव्हा डिसेंबरही संपला नव्हता, आणि त्यांचं साल 25 मार्चला बदलायचं. साधारण सत्तर वर्षांत एक दिवस, अशी संक्रांत पुढे सरकते. म्हणजे गड्डाही, आमची सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, सरकणार. वडिलांच्या खांद्यावर बसून संमती कट्ट्यावरच्या अक्षता पाहिलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. खाली पांढऱ्या बाराबंद्या, वर डुलणारे सात नंदीध्वज, आणि 'हर्र बोला हर्र' सुरू झालं की वडिलांच्या छातीतला आवाज माझ्या पोटऱ्यांना कळायचा. तारीख कोण बघत होतं!

आता आपल्या या मंडळाचं बघा. आपली संक्रांत फेब्रुवारीत. पाडवा हॉल मिळेल त्या शनिवारी. गणपती बसतात पार्किंगच्या सोयीनं. कुणाकडे बोट दाखवत नाही, बुकिंग मीच करतो. पोपनं दिवस एकदाच गाळले, आपण दरवर्षी गाळतो. त्यानं निदान फर्मान काढलं होतं, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर 'तारीख बदलली आहे, क्षमस्व' टाकतो. मुलीनं एकदा विचारलं होतं, "पाडवा कधी असतो, हे हॉलवाले काका ठरवतात का?" तेव्हा मी हसलो होतो.

तिचा प्रकल्प झाला. तक्त्यात तिनं सगळ्या तारखा मांडल्या, आणि शेवटी एक ओळ रिकामी ठेवली: 'बाबाची खरी तारीख'. म्हणाली, आजीला विचारून भर.

रविवारी आईला फोन लावला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी का दुसऱ्या दिवशी रे? आता नीट आठवंना बघ. पाऊस मात्र लई होता."