पाब्याच्या खिंडीतला दिवा

श्रोतेहो, नमस्कार. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान धावली. तेव्हापासून खेडोपाडी एकच प्रश्न विचारला जातो, "गाडी सुटली का?" आज हाच प्रश्न यंत्राला विचारायचा म्हटलं तर काय होतं, ते सांगतो.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. वेल्हे भागात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, एका फाट्यावर मी आत्याला उतरवून घ्यायला थांबलो होतो. ती स्वारगेटहून मुक्कामी गाडीनं येत होती. तिथल्या टपरीच्या डाव्या खांबाला टेकून उभं राहिलं तरच मोबाइलला रेंज मिळते. मी टेकलो. नकाशावर गाडीचा ठिपका खानापूरला! पाच मिनिटांनी खानापूर, वीस मिनिटांनीही खानापूरच.

"मावशी, गाडी बंद पडली वाटतं."

मावशींनी स्टोव्हवरून मान वर केली नाही. "खिंडीत दिवा दिसला की चहा टाकते. बसा."

थोड्या वेळानं पाब्याच्या खिंडीत उजेड हलला. मी उठलो. "तो दुधाचा टेम्पो," मावशी म्हणाल्या. "एसटीचा दिवा उंच असतो, आणि त्या मोठ्या वळणावर ती हॉर्न देते." मग खरंच लांबून हॉर्न आला आणि मावशींनी पातेलं चढवलं. आलं ठेचून झालं, चहा दोनदा वर आला, आणि गाडी दारात. मोबाइलवर गाडी अजून खानापूरलाच! आत्या छत्री सांभाळत उतरून म्हणाली, "कशाला रे पावसात उभा राहिलास?" आम्ही चहा घेत होतो तेव्हा कुठे ठिपक्यानं डोंगरावरून उडी मारली.

आता हे असं का होतं? गाडीतल्या यंत्राला आपली जागा उपग्रहांवरून कळते. त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. पण ती जागा आपल्याला कळवायला रेंज लागते. पुन्हा सांगतो: जागा कळायला रेंज लागत नाही, कळवायला लागते. घाटात यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं.

म्हणून ग्रामीण मार्गाची आखणी करणाऱ्यांनी आधी एकदा मुक्कामी गाडीनं जाऊन यावं आणि रेंज कुठे जाते ते वहीत टिपावं. तिथे खोटा ठिपका दाखवू नये. "खानापूर सोडलं सात दहाला" एवढं साध्या फोनवर एसेमेसनं आलं, चावडीच्या भोंग्यावर कळलं, तरी पुरे. शहरात एक बस चुकली तर मागून दुसरी येते. इथे मुक्कामी गाडी चुकली तर थेट दुसरा दिवस! खरी गरज कुठे आहे, सांगा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे वेग मोजतात, चांगलंच आहे. बसमध्ये मोठ्या आवाजात रील बघणाऱ्यांना पकडणारा कॅमेरा निघाला तर मी पेढे वाटीन, पण तो विषय वेगळा.

परवा पुन्हा त्या फाट्यावर गेलो होतो. मावशींनी डाव्या खांबाला खिळा ठोकून पत्र्याचा डबा अडकवलाय. गिऱ्हाइकांनी आपापला मोबाइल त्यात ठेवायचा आणि खिंडीकडे बघत चहा प्यायचा.