साइ सरोवर : फुजीच्या लाव्हाने अडवलेले पाणी

फुजी पर्वत डोळे भरून पाहायचा म्हणून तोक्योहून निघालेले बहुतेक प्रवासी कावागुची सरोवराच्या काठी उतरतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. शिंजुकूहून सुटणारी बस दोनेक तासांत कावागुचीको स्थानकासमोर आणून सोडते, आणि आभाळ निरभ्र असेल तर 3,776 मीटर उंचीचा तो पर्वत स्थानकाच्या छपरामागेच उभा असतो. इथली गर्दी मात्र एवढी, की एका दुकानामागे दिसणाऱ्या फुजीचे छायाचित्र टिपण्यासाठी भर रस्त्यात उभे राहणाऱ्यांना आवर घालायला 2024 मध्ये गावाने तिथे काळ्या जाळीचा उंच पडदा लावला होता. तो काही महिन्यांतच उतरवण्यात आला, गर्दी तेवढी राहिली.

आपण याच स्थानकावरून पश्चिमेकडे जाणारी स्थानिक बस घेऊन साइ सरोवराकडे निघालो आहोत. फुजीच्या उत्तर पायथ्याला असलेल्या पाच सरोवरांपैकी हे एक. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर, खोली मात्र 70 मीटरांहून अधिक. दक्षिणेकडच्या टेकड्या मध्ये येत असल्याने काठाच्या बऱ्याच भागातून फुजी दिसतच नाही. तो पाहायला पश्चिम टोकापर्यंत जावे लागते. त्यामुळे प्रवासी या सरोवराला सहसा दुय्यम मानतात, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. कारण फुजीने प्रत्यक्ष घडवलेले पाणी पाहायचे असेल, तर ते इथे आहे.

इसवी सन 864 मध्ये, जपानी कालगणनेतील जोगान पर्वात, फुजीच्या वायव्य उतारावर भेग पडली आणि लाव्हा वाहू लागला. त्या काळी इथे सेनोउमी नावाचे एकच मोठे सरोवर होते. लाव्हा त्यात शिरला, तेव्हा पाणी उकळत्या पाण्यासारखे तापले, मासे आणि कासवे मेली आणि काठावरची घरे गाडली गेली, अशी नोंद तत्कालीन राजदरबाराच्या इतिहासात आहे. सेनोउमीचा बहुतांश भाग बुजला. जे पाणी उरले त्याची दोन सरोवरे झाली, पूर्वेला साइ आणि पश्चिमेला शोजी. ही दोन आणि त्यांच्या पलीकडचे मोतोसू, अशा तिन्ही सरोवरांच्या पाण्याची पातळी आजही जवळपास सारखीच, समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर, असते. सच्छिद्र लाव्हाच्या पोटातून त्यांचे पाणी एकमेकांशी जोडलेले असल्याचे मानले जाते.

त्या लाव्हावर आता आओकिगाहाराचे अरण्य उभे आहे. सरोवराच्या नैर्ऋत्य काठाजवळच्या पायवाटेने आत शिरले की पावलाखाली माती जवळजवळ लागतच नाही. शेवाळाखालचा काळा खडक वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेला दिसतो, आणि खाली जायला वाट न मिळालेली झाडांची मुळे बोटे पसरावीत तशी त्यावर आडवी पसरलेली असतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला काळा पाषाण नवा नाही, हाही बेसॉल्टच. पण आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा जुना, आणि हा अवघ्या साडेअकराशे वर्षांचा. जवळच्या लाव्हा-गुहांमध्ये उन्हाळ्यातही इतका गारवा असतो, की एकेकाळी रेशीमकिड्यांची अंडी तिथे साठवून ठेवली जात.

पश्चिम टोकाला नेम्बा आहे. शाकारलेल्या उतरत्या छपरांची घरे आणि त्यांच्या मागे फुजी, हे दृश्य नजरेला सुखावते, पण ही घरे जुनी नाहीत. 25 सप्टेंबर 1966 च्या पहाटे चक्रीवादळाच्या पावसाने मागच्या डोंगरावरून दगडमातीचा लोंढा आला आणि नेम्बा व शेजारची साइको ही दोन्ही गावे त्याखाली सापडली. नव्वदहून अधिक माणसे दगावली. वाचलेले लोक दुसरीकडे वसले, आणि रिकाम्या राहिलेल्या त्या जागेवर 2006 मध्ये जुन्या धाटणीची ही वस्ती पर्यटकांसाठी नव्याने उभारली गेली. किमोनो भाड्याने घेऊन छायाचित्रे काढणाऱ्यांची इथे झुंबड असते. आमच्या मते, त्या आपत्तीची माहिती देणारे इथले छोटेसे संग्रहालय आधी पाहावे आणि घरे नंतर.

या सरोवराने एक मासाही वाचवला आहे. ईशान्य जपानमधील अकिता प्रांतात ताझावा नावाचे सरोवर आहे. कुनिमासू हा साल्मन कुळातला काळसर मासा केवळ तिथेच होता. 1940 मध्ये वीजनिर्मितीसाठी आणि शेतीसाठी तामा नदीचे अतिशय आम्लधर्मी पाणी ताझावात वळवले गेले, आणि तिथला कुनिमासू संपला. मात्र त्याच्या काही वर्षे आधी, 1935 मध्ये, त्याची अंडी साइ सरोवरात आणून सोडलेली होती. पुढची सात दशके इथले कोळी जाळ्यात येणाऱ्या त्या काळ्या माशाला हिमेमासू या साल्मन कुळातल्याच दुसऱ्या माशाचा एक प्रकार समजत राहिले. 2010 मध्ये एका चित्रासाठी नमुने मागवले असताना त्याचे वेगळेपण लक्षात आले. क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी शरीररचना आणि जनुके तपासून तो कुनिमासूच असल्याचे सिद्ध केले. 2013 मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याची नोंद ‘नामशेष’ या वर्गातून काढून ‘मूळ अधिवासातून नामशेष’ अशी केली. ताझावाच्या पाण्यातील आम्लता कमी करण्याचे प्रयत्न अनेक वर्षे सुरू आहेत, परंतु ते पाणी या माशाला परत नेण्याजोगे अजून झालेले नाही.