पसारा कोड्यातला आणि कोड्याभोवतीचा

श्रोतेहो, कोड्यांच्या गेमसाठी लेव्हल रचणाऱ्यांमध्ये ‘ही लेव्हल स्वच्छ आहे’ हे सर्वांत मोठे कौतुक मानले जाते. मात्र स्वच्छ म्हणजे कमी वस्तू असलेली, असा त्याचा अर्थ सर्रास घेतला जातो आणि तो मला अपुरा वाटतो. माझ्या मते, जिच्यातली प्रत्येक गोष्ट काही तरी काम करते ती लेव्हल स्वच्छ.

हिरोयुकी इमाबायाशी यांचा, १९८२ मध्ये जपानात प्रसिद्ध झालेला ‘सोकोबान’ आपल्यापैकी अनेकांनी खेळलेला असेल. गोदामातली खोकी ठरलेल्या जागी ढकलायची. खोके ओढता येत नाही आणि एका वेळी दोन ढकलता येत नाहीत, एवढेच नियम. कोपऱ्यात गेलेले खोके कायमचे अडकते, आणि भिंतीला लागलेले खोके त्या भिंतीच्या कडेकडेनेच सरकते. त्यामुळे या खेळात भिंतीचा प्रत्येक चौकोन नियमाइतकाच बोलका असतो आणि मोकळी जागाही निरुपद्रवी नसते. एक चौकोन जास्त मोकळा सोडला, की खेळाडूला खोके बाजूला काढून ठेवायला जागा मिळते आणि सगळा पेच ढिला पडतो. म्हणजे डोळ्यांना ऐसपैस वाटणारी लेव्हल कोडे म्हणून गबाळी असू शकते.

याच खेळाची सर्वपरिचित पहिली लेव्हल पाहा. सहा खोकी एका लांब बोळातून उजवीकडच्या खोलीत न्यायची असतात. पहिली दोन-तीन खोकी नेताना डोके चालवावे लागते. उरलेली नेताना मुख्यतः पाय चालतात. याउलट डेव्हिड स्किनर यांच्या ‘मायक्रोबान’ या सोकोबानच्याच धर्तीच्या संचातल्या लेव्हल अगदी आटोपशीर आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा एकेका कल्पनेभोवती बांधलेल्या आहेत. नवशिक्यांना मी आधी त्याच सोडवायला सांगतो, कारण तिथे विचार संपला की लेव्हलही संपते.

पसारा येतो कुठून, हे मला माझ्याच एका लेव्हलने शिकवले. चार खोकी, एक अरुंद वाट, आणि कल्पना अशी की जे खोके सुरुवातीलाच आपल्या जागी बसलेले दिसते तेच आधी हलवावे लागावे. चाचणीत एकाने डावीकडच्या खाचेत दुसरे खोके लपवून ते जागेवरचे खोके न हलवताच लेव्हल सोडवली. मी खाच बुजवली. दुसऱ्याने उजवीकडून पळवाट काढली, म्हणून मी तिथे वळण घातले. अशा सहा दुरुस्त्या झाल्या आणि कागदावर सुबक असलेली ती खोली ठिगळांनी भरून गेली. पुढचा खेळाडू त्या ठिगळांकडेच पाहत बसला. इतकी विचित्र भिंत उगाच नसणार, असे त्याला वाटले आणि त्याचे वाटणे रास्त होते. शेवटी मी दोन खोकी काढून टाकली. सगळ्या पळवाटा त्या दोन खोक्यांच्या आधाराने निघत होत्या. खोकी गेल्यावर एकाही ठिगळाची गरज उरली नाही. बुद्धिबळातील कूटप्रश्न रचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अनपेक्षित उत्तर अडवण्यासाठी पटावर एखादे प्यादे ठेवावे लागते. पण तेवढ्याचसाठी ठेवलेली प्यादी वाढू लागली, की जाणकाराला मूळ मांडणीतच खोट दिसते.

आता डोळ्यांपुढच्या पसाऱ्याविषयी. २००७ च्या ‘पोर्टल’ या खेळात खेळाडू पोर्टल, म्हणजे एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायची जोडदारे, उघडतो. ती पांढऱ्या भिंतीवर उघडतात, काळपट धातूवर उघडत नाहीत, आणि खोल्या इतक्या कोऱ्या आहेत की दारातून आत येताच काय काय हाताशी आहे ते उमगते. २०११ च्या दुसऱ्या भागात खेळाडू जमिनीखालच्या जुन्या, पडक्या प्रयोगशाळेत उतरतो, तेव्हा दृश्य भव्य होते. पण कित्येकदा कोडे ‘काय करू’ याऐवजी ‘पांढरा तुकडा कुठे आहे’ एवढेच उरते. शोधणे आणि सोडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि कोड्याचे आश्वासन देऊन शोधायला लावले की खेळाडू थकतो. ‘बाबा इज यू’ने (२०१९) यावर फार सुंदर तोडगा काढला आहे. तिथे नियम म्हणजे ढकलता येणारे शब्द असतात. पटावर गवत, फुले, विटा असतात, पण ज्या वस्तूचा शब्द पटावर नाही ती सहसा निव्वळ शोभेची. त्यामुळे सजावट कितीही केली तरी ती कोड्यात लुडबुड करत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. सगळेच कामाचे असेल, तर खेळाडू ‘अजून हे वापरले नाही’ एवढ्यावरून उत्तराकडे सरकतो. म्हणून काही रचनाकार मुद्दाम चकवे पेरतात. मला हा उपाय पटत नाही. उरलेल्या वस्तू मोजून जे सुटते ते कोडे मुळातच उथळ होते. त्यावर पालापाचोळा टाकल्याने ते खोल होत नाही.

स्टीफन लव्हेल यांच्या ‘स्टीफन्स सॉसेज रोल’मध्ये (२०१६) काहीही लपवलेले नाही. सॉसेज दोन चौकोन लांब. प्रत्येक अर्ध्याच्या वरची आणि खालची, अशा चार बाजू शेगडीवर एकेकदाच भाजायच्या, दुसऱ्यांदा लागली की करपली. सारे समोर असते, तरीही एकेका लेव्हलवर तास जातात. या खेळातल्या बेटावर आपण आधी नुसते हिंडतो, आणि सगळा भूभाग एकसंध, उंचसखल दिसतो. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेला तोंड करून उभे राहिले, की भोवतालची जमीन समुद्रात खचते आणि त्या कोड्याला लागतील तेवढेच चौकोन पाण्यावर उरतात. ज्या पायरीवरून आपण आत्ता सहज चालत आलो, तीच आता सॉसेज उलटवायला हवी असलेली एकमेव पायरी असते.