पुरुमेंताची माळ

[पहाट. सासष्टीतील एका घराचे अंगण. परातीत मीठ लावलेले मांस.]

एप्रिलचे शेवटचे दिवस आहेत. दक्षिण गोव्यातील या अंगणात ऊन अजून माडांच्या शेंड्यांवरच आहे, पण काम केव्हाच सुरू झाले आहे. परातीतले डुकराचे मांस काल दुपारी लहान तुकड्यांत कापले गेले, त्यात मांसल भागाबरोबर चरबीही मुद्दाम राखली गेली आणि मिठागरातले जाडे मीठ चोळून ते रात्रभर दगडाखाली दाबून ठेवले गेले. परात जरा तिरकी केली की कडेला पाणी साचलेले दिसते. हे पाणी मिठाने मांसातून ओढून काढले आहे. पाणी जितके कमी, तितके जिवाणूंना वाढणे कठीण, आणि मांस टिकवण्याच्या साऱ्या खटाटोपाची सुरुवात इथूनच होते.

गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण गरज त्याहून जुनी आहे. जूनमध्ये समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्याला लागतात, आणि पूर्वी बाजार ओस पडून पुढचे तीन-चार महिने घरात जे साठवले असेल त्यावर काढावे लागत. म्हणून सुके बांगडे, खारवलेली सुंगटे म्हणजे कोळंबी, कोकम, मिरची, लोणची यांची जमवाजमव मे महिन्यात होते, आणि मडगावच्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला तर पुरुमेंताचे फेस्त असेच नाव पडले आहे. आज या अंगणात होणारे चोरीस, म्हणजे आतड्यात मसालेदार मांस भरून केलेले गोव्याचे सॉसेज, याच बेगमीचा भाग आहे.

[रगड्यावर मसाला. लाल रंग जवळून. व्हिनेगरची धार.]

सुक्या लाल मिरच्या, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी, जिरे आणि हळद हे सारे रगड्यावर वाटले जाते, आणि वाटताना त्यात पाण्याचा थेंबही पडू दिला जात नाही. पाण्याऐवजी वापरले जाते ते माडाची सूर, म्हणजे माडी, आंबवून केलेले व्हिनेगर. काही घरांत वरून थोडी फेणीही घालतात. पोर्तुगालमध्ये चोरीसात वाइन पडत असे. इथल्या बायकांनी तिच्या जागी आपल्या माडाचे व्हिनेगर आणले आणि त्या आंबटपणाने पदार्थाचा स्वभावच बदलला. हे व्हिनेगर केवळ चवीसाठी नाही, कारण आम्लात बहुतेक घातक जिवाणू तग धरत नाहीत. मीठ, आम्ल, ऊन आणि धूर असे चार पहारेकरी एकामागून एक उभे केले जातात. काही घरांत पाचवाही असतो, चिमूटभर सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

[नरसाळे. आतडी भरली जात आहेत. दोऱ्याच्या गाठी.]

मसाल्यात मुरलेले मांस दोन-तीन दिवसांनी भरायला घेतले जाते. लिंबू आणि मीठ लावून अनेकदा धुतलेली, पारदर्शक झालेली आतडी नरसाळ्याच्या तोटीवर चढवायची, अंगठ्याने मांस आत ढकलायचे, हवेचा बुडबुडा राहिला तर सुईने टोचायचे आणि ठरावीक अंतरावर दोऱ्याने आवळायचे. चोरीसाच्या माळेला जपमाळेची उपमा देतात, आणि दोरा आवळणाऱ्या या हातांकडे पाहिले म्हणजे ती कुठून आली असेल ते विचारावे लागत नाही. गाठीनंतर गाठ पडते, मणी तयार होतो, आणि ही बोटे एकदाही थबकत नाहीत. मण्यांचे आकार मोजून घेतल्यासारखे सारखे उतरतात. आम्ही हे चित्रीकरण जवळजवळ दोन तास करत होतो, आणि त्यातले किती कापायचे यावर संकलनाच्या वेळी बराच वाद झाला.

[उन्हात दांडीवर माळा. संध्याकाळी चुलीवर, धुरात.]

दिवसा ऊन, रात्री चुलीवरचा धूर. काही दिवसांत माळा आक्रसतात, लाल रंग गडद होतो आणि सालीवर तेलाची चमक येते.

या रंगाची गोष्ट गोव्याबाहेरची आहे. सोरा लावलेले मांस लाल का राहते, हे जगातल्या खाटकांना शतकानुशतके माहीत नव्हते. तसे होते, एवढेच माहीत होते. मांसातले काही जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसाच्या रंगद्रव्याला जाऊन चिकटतो, या उलगड्याचा शेवटचा दुवा ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०१ मध्ये जोडला. त्यानंतर कारखान्यांनी सोऱ्याचा लांबचा रस्ता सोडला आणि थेट सोडियम नायट्राइट वापरायला घेतले. दुकानातल्या पाकिटावर बारीक अक्षरांत आयएनएस २५० असे छापलेले असते, ते हेच.

नायट्राइट वापरण्यामागे केवळ रंगाचा मोह नव्हता, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. १८२० च्या सुमारास जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात युस्टिनुस केर्नर नावाच्या कवी असलेल्या डॉक्टराने सॉसेज खाऊन लुळे पडणाऱ्या आणि दगावणाऱ्या माणसांच्या नोंदी ठेवल्या. या विषबाधेला आज बोट्युलिझम म्हणतात, आणि लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेजच. बंद आतड्यात, हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या या जिवाणूला नायट्राइट रोखून धरते. काही दिवसांत मारणाऱ्या विषावर तो उपाय होता. त्याची दुसरी बाजू इतकी सावकाश काम करते की ती दिसायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

[पोटाचे आणि मोठ्या आतड्याचे रेखाचित्र.]

१९५६ मध्ये इंग्लंडमधील मगी आणि बार्न्स या संशोधकांनी दाखवले की डायमिथाइल नायट्रोसामाइन हे रसायन खायला दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी होतात. नायट्राइट आणि मांसातील प्रथिनांपासून निघणारी अमाइन द्रव्ये एकत्र आली की याच कुळातली रसायने तयार होतात. कधी कढईतल्या तीव्र आचेवर, तर कधी जठरातल्या आम्लात. लाल मांसातले हीम, म्हणजे लोहयुक्त रंगद्रव्य, आतड्यात या क्रियेला हातभार लावते. ही रसायने मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या डीएनएला इजा करतात. धुरातून कर्करोगकारक रसायनांचे आणखी एक कुळ येते, बेंझोपायरीन ज्यात मोडते ते. पालेभाज्यांतही नायट्रेट असते, मग तिथे हे का होत नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. भाजीत क जीवनसत्त्व असते, ते या क्रियेला आडवे येते, आणि भाजीत हीम नसते. मांस-कारखाने पाकिटबंद मालात क जीवनसत्त्वाचे क्षार घालतात, तेही याच कारणाने.

[लिओं शहर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेची इमारत.]

ऑक्टोबर २०१५ मध्ये फ्रान्समधील लिओं येथे १० देशांतील २२ तज्ज्ञ जमले. त्यांनी ८०० हून अधिक अभ्यास तपासले आणि प्रक्रिया केलेल्या मांसाला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात असल्याने निर्णय जाहीर होताच वर्तमानपत्रांनी सॉसेज आणि सिगारेट एका तराजूत तोलले, आणि तो गैरसमज अजून पुरता गेलेला नाही. पहिला गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. याच संस्थेने त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार प्रक्रिया केलेल्या मांसाच्या भरपूर सेवनाशी जगभरात वर्षाला अंदाजे ३४ हजार कर्करोगमृत्यू जोडता येतात, तर तंबाखूशी सुमारे १० लाख.

तज्ज्ञांनी दिलेला दुसरा आकडा अधिक उपयोगाचा आहे, पण तो नीट वाचावा लागतो. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ १०० पैकी १८ जणांना कर्करोग होतो असा नाही. एखाद्या समाजात १०० पैकी ५ जणांना हा रोग आयुष्यात होत असेल असे धरले, तर रोज खाणाऱ्या १०० जणांत तो जवळजवळ ६ जणांना होईल. या वाक्यातला महत्त्वाचा शब्द आहे 'रोज'.

[पुन्हा अंगण. चुलीवरची माळ.]

मग हे घरचे चोरीस कोणत्या बाजूला पडते? मांस खारवणे, मुरवणे, आंबवणे, धुरावणे किंवा टिकण्यासाठी आणि चवीसाठी त्यावर तशाच इतर क्रिया करणे, अशी लिओंची व्याख्या आहे. या अंगणात आपण पाहिलेली जवळजवळ प्रत्येक क्रिया त्या व्याख्येत बसते. घरचे व्हिनेगर, ओळखीचे हात आणि पिढ्यांची सवय यांमुळे सूट मिळत नाही. घरात सोरा चिमटीने पडतो, कारखान्यात नायट्राइट मिलिग्रॅममध्ये मोजले जाते, आणि या एका बाबतीत कारखाना उजवा ठरतो. हे लिहिताना आम्हाला बरे वाटले नाही.

[म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. लोंबणाऱ्या माळा. नंतर सुपरमार्केटचा फ्रीजर.]

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा अशा टांगलेल्या असतात. इथून त्या मुंबईला, पुण्याला, आखातात जाणाऱ्या सामानातही शिरतात. दुसरीकडे हा फ्रीजर बघा. इथे ऋतू नाही. चिकन सलामी, कॉकटेल सॉसेज, हॅम, बेकन, बारा महिने, दहा मिनिटांत तयार. सकाळच्या डब्यात सलामीचे सँडविच, संध्याकाळी हॉट डॉग, रविवारी पिझ्झ्यावर पेपरोनी, आणि ५० ग्रॅमचा आकडा कुणाच्या लक्षातही न येता गाठला जातो, कारण एक नेहमीचे सॉसेजच साधारण तेवढे भरते. चिकनचे आहे म्हणून चालेल, असे म्हणणारे बरेच भेटतात. अभ्यास मुख्यतः डुकराच्या आणि गोमांसाच्या पदार्थांवर झाले आहेत हे खरे, पण व्याख्येतून कोंबडी वगळलेली नाही आणि पाकिटावरचा आयएनएस २५० दोन्हीकडे तोच असतो.

कर्करोगाखेरीज मिठामुळे रक्तदाब आणि त्यामागून हृदयविकार यांचाही प्रश्न आहे. भारतासह २१ देशांतील १ लाख ३४ हजारांहून अधिक लोकांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला १५० ग्रॅम किंवा अधिक असे मांस खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर आजारांचे प्रमाण, ते अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त आढळले.

[जुलै. पाऊस. तेच घर. चुलीवर पातेले.]

जुलैमध्ये आम्ही याच घरी परत आलो. बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि पातेल्यात भिजवलेला राजमा, कांदा आणि बटाटा शिजतो आहे. जेवायला सात माणसे आहेत. दांडीवरची माळ खाली उतरवली जाते, विळीवर दोरा कापला जातो आणि चार मणी सुटे होतात. ते फोडून पातेल्यात टाकले की रश्श्याला लगेच लाल तवंग येतो. तेवढ्यात पाव आला आहे. उरलेली माळ, अजून अर्ध्याहून मोठी, पुन्हा चुलीवर तिच्या जागी टांगली जाते.