ग्रीक बाणाचं टोक: शतक कळतं, वर्ष कुठून कळणार?

नमस्कार मंडळी! जुन्या वस्तूंच्या विक्रीत हे वर्णन हमखास दिसतं: "प्राचीन ग्रीक बाणाचं टोक, मॅरेथॉनची लढाई, इ. स. पूर्व 490." टोक खरं असेलही. पण त्या 490 या आकड्याचे जादा पैसे मोजू नका.

(टोक कॅमेऱ्याजवळ धरून)

हे बघा. नकली आहे, मुद्दाम घेतलंय, पण आकार बरोबर आहे. जेमतेम तीन सेंटिमीटर, ब्राँझचं. तीन पाती, खाली पोकळ खोबण. बाणाची काडी या खोबणीत बसायची. ग्रीक म्हणून सगळ्यात जास्त विकलं जातं ते हेच, आणि गंमत म्हणजे हा प्रकार मुळात ग्रीकांचा नाहीच. काळ्या समुद्राच्या उत्तरेचे घोडेस्वार, स्किथियन, यांचा हा. आपण इतिहासात ज्यांना शक म्हणतो, त्यांचेच भाऊबंद. पुढे इराणी सैन्याने तो उचलला, ग्रीकांनीही. झेनोफोन हा ग्रीक सेनानी आणि लेखक तर सांगतो की इराणी साम्राज्यातून ग्रीक सैन्य माघारी येत असताना, वाटेवर त्यातले क्रीट बेटाचे तिरंदाज शत्रूचे पडलेले बाण गोळा करून वापरत होते. मग एखादं सुटं टोक हातात घेऊन 'हे ग्रीकाचं की इराण्याचं' हे कोण छातीठोकपणे सांगणार?

क्रीटचा स्वतःचा प्रकार मात्र चटकन ओळखू येतो: चपटं रुंद पातं, मागे वळलेले दोन काटे, खोबणीऐवजी काडीत खुपसायची शेपटी, आणि पातं नि शेपटी जुळतात तिथे एक जाड गाठ.

आता वय. दोनच पाती, पानासारखा आकार, खोबणीच्या बाजूला काट्यासारखा एक हूक असेल, तर साधारण इ. स. पूर्व सातवं-सहावं शतक. तीन पात्यांची टोकं त्यानंतर जोरात येतात. खोबण पात्यांच्या आतच दडलेली, बुटकं टोक असेल, तर बहुधा पाचवं-चौथं. आकार बघून एवढंच. सोबत चालत आलेले जुने प्रकारही असतातच.

नेमकं वर्ष मातीतून मिळतं. थर्मोपिली म्हणजे ग्रीकांनी इराणी सैन्याला अडवलं ती खिंड. 1939 मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी तिथल्या कोलोनोस टेकडीवर खोदलं आणि ढिगाने टोकं निघाली. ग्रीकांची शेवटची झुंज याच टेकडीवर झाली, म्हणजे इ. स. पूर्व 480, हे त्या टोकांवरूनच ठरलं. ओलिंथस हे शहर मॅसिडोनियाच्या फिलिपने इ. स. पूर्व 348 मध्ये उद्ध्वस्त केलं. तिथली काही टोकं नेहमीपेक्षा मोठी आहेत आणि त्यांच्यावर चक्क फिलिपचं नाव ओतलेलं आहे! पण थर्मोपिलीची टोकं खिशात घालून कोणी परस्पर विकली असती, तर त्यांचं वर्ष तिथेच गेलं असतं.

(पुन्हा जवळून)

आता या नकलीची खोड बघा. साच्याचा सांधा पात्याच्या धारेवरून तसाच धावतोय. खऱ्या टोकाला ओतल्यावर घासून धार काढलेली असते. अंगावर बारीक बुडबुडे आहेत. हिरवा थर एकसारखा, सपाट. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवतो... आला बघा हिरवा रंग कापसावर. खऱ्या ब्राँझवर हिरव्याखाली बऱ्याचदा तांबूस थर असतो आणि तो असा निघत नाही. म्हणूनच चिंच-मीठ लावून लखलखीत करायचा मोह आवरा, तो पुरावाच घासला जातो. फिकट हिरवी भुकटी झडायला लागली तर तो क्लोराइडचा रोग. टोक कोरड्या, बंद डब्यात ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

बोथट, धार नसलेलं, पानासारखं टोक मिळालं तर थांबा. काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीक वसाहतींत बाणाच्या आकाराचे ब्राँझचे तुकडे पैसे म्हणून चालायचे.

आणि कागद. ग्रीसचा कायदा (2002 चा 3028 क्रमांकाचा, 2021 मध्ये 4858 क्रमांकाच्या कायद्यात सामावलेला) जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची मानतो. वस्तू ग्रीसबाहेर कधी आणि कशी गेली, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. 'जुन्या संग्रहातली आहे' एवढ्यावर भागवलं तर सोडून द्या. नुसती बघायची असतील, तर थर्मोपिलीची टोकं अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मांडलेली आहेत.