अहवाल मंगळवारी, मतदान बुधवारी

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

अर्थसंकल्पावरच्या व्याख्यानांना आपल्याकडे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गर्दी होते. काय स्वस्त, काय महाग, आयकराची पायरी कुठे सरकली. ते सगळं तुमचं ऐकून झालेलं आहे. मी त्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलणार आहे. अर्थमंत्र्यांचं भाषण संपल्यापासून खर्चाला मंजुरी मिळेपर्यंत संसदेत काय चालतं, आणि त्यात खासदारांच्या समित्यांचं काम काय, हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी ते राहून जायला नको. समितीनं एखाद्या खात्याच्या खर्चाच्या मागण्या तपासून अहवाल दिला, की त्या अहवालाला मंत्र्यांचं लेखी उत्तर आल्याशिवाय ती मागणी मताला टाकू नये. हे मी जमेल तिथे सांगत असतो, आज तुम्ही तावडीत सापडला आहात.

सोलापुरात हा विषय मांडताना गणेश व्यंकटेश जोशींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सार्वजनिक काका नव्हेत, ते गणेश वासुदेव. हे जोशी सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर, आणि सरकारी जमाखर्चाचे आकडे वाचण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या काळात देशात फारसा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहायचे, तेव्हा त्यांच्या मागे या हेडमास्तरांची मेहनत असायची. २६ मार्च १९०२ चं गोखल्यांचं पहिलं अर्थसंकल्पी भाषण आठवा. सरकार शिलकीचा अर्थसंकल्प दाखवून समाधानात होतं. गोखल्यांनी आकडे मांडून विचारलं, की दुष्काळानं आणि प्लेगानं लोक मेटाकुटीला आलेले असताना तिजोरीत शिल्लक उरते ती कर गरजेपेक्षा जास्त घेतल्यामुळेच ना? मग मिठावरचा कर कमी का करत नाही?

आता लक्षात घ्या, गोखल्यांना मताचा अधिकार नव्हता. १८९२ च्या कायद्यानं सभासदांना अर्थसंकल्पावर बोलायची मुभा दिली होती, मत द्यायची नाही. भाषण झालं, की संपलं. तरीही तो माणूस दरवर्षी अभ्यास करून उभा राहिला. मिठाचा कर मणाला अडीच रुपये होता, तो १९०३ साली दोन झाला, १९०५ साली दीड, १९०७ साली एक. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण सरकारला दरवर्षी उत्तर देणं भाग पडत होतं. मत नसताना.

आज आपल्याकडे मत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ प्रमाणे प्रत्येक खात्याच्या खर्चाची मागणी लोकसभेपुढे यावी लागते. लोकसभा ती मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. फक्त वाढवू शकत नाही. अभ्यासाचीही सोय आहे, आणि ती बसवताना लोकसभेच्या अध्यक्षपदी आपले लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. एप्रिल १९९३ मध्ये खात्यांशी निगडित १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. एका समितीत ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला या समितीवर बसता येत नाही. राज्यसभेला मागण्यांवर मत नाही, त्यामुळे तिथल्या जाणत्या सभासदाला एखाद्या खात्याच्या खर्चात खरोखर हात घालता येतो तो इथेच.

काम कसं चालतं ते सांगतो. अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा झाली की सभागृहाला साधारण तीन-चार आठवड्यांची सुट्टी मिळते. वर्तमानपत्रं तिला मध्यंतर म्हणतात. वास्तविक खासदारांचं सगळ्यात किचकट काम याच दिवसांत असतं. समितीचं सचिवालय खात्याला प्रश्नावली पाठवतं. गेल्या वर्षी मूळ अंदाज किती, सुधारित किती, प्रत्यक्ष खर्च किती, आणि तो कमी का? मग खात्याचे सचिव आपले अधिकारी घेऊन साक्षीला येतात. मंत्री येत नाहीत. दार बंद असतं, कॅमेरा नसतो, आणि हे मी अनेकांकडून ऐकलंय की त्या खोलीत खासदार पक्ष विसरून प्रश्न विचारतात. सभागृहात जो सदस्य हौद्यात उतरून घोषणा देतो, तोच इथे लेखाशीर्षाचा क्रमांक सांगून विचारतो की या योजनेचे पैसे तीन वर्षं परत का जाताहेत. मग मसुदा, मग अहवाल. न पटणाऱ्या सदस्याला भिन्नमतपत्रिका जोडता येते.

आणि मग? नियम ३३१-जी सांगतो की समितीनं कपात सूचनेच्या, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा अशा प्रस्तावाच्या, स्वरूपाचं काही सुचवायचं नाही. नियम ३३१-एन सांगतो की अहवाल म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला. बंधन कोणतंही नाही. मला हे मान्य आहे. एकतीस जणांनी पाचशे त्रेचाळीस जणांच्या वतीनं निर्णय घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण सल्ला ऐकायला समोर कुणी असावं लागतं.

आता मला तुम्हाला २०१८ सालची गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

९ फेब्रुवारी २०१८ ला सभागृहं उठली, ५ मार्चला पुन्हा भरली. मधल्या दिवसांत संरक्षण समितीपुढे लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद साक्षीला आले. समितीचे अध्यक्ष होते मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. निवृत्त सेनाधिकारी, उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री, आणि हे नीट ऐका, सत्ताधारी पक्षाचेच खासदार. उपप्रमुखांनी समितीला सांगितलं की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट प्रकारातली आहे, २४ टक्के सध्याच्या काळातली, आणि अत्याधुनिक म्हणावी अशी ८ टक्के. खरं तर तिन्ही प्रकार साधारण एकेक तृतीयांश असायला हवेत. आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी रुपये. आणि आधीच ठरलेल्या खरेद्यांपोटी, म्हणजे १२५ चालू योजना, तातडीची खरेदी वगैरे धरून, द्यायचे होते २९,०३३ कोटी. म्हणजे नवीन काही घेणं दूर, जे घेतलंय त्याचेच पैसे पुरत नाहीत. अर्थसंकल्पानं आमच्या आशेवर पाणी फेरलं, अशा अर्थाचं ते बोलले. गणवेशातला माणूस समितीपुढे असं बोलतो तेव्हा त्यामागे किती विचार झाला असेल, याची कल्पना करा. आणि समितीनं ते झाकलं नाही. सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांच्या सहीनं ते जसंच्या तसं अहवालात छापलं.

तो अहवाल संसदेच्या पटलावर आला मंगळवारी, १३ मार्च २०१८ ला.

बुधवारी, १४ मार्चला, लोकसभेनं सगळ्याच्या सगळ्या ९९ मागण्या एकत्र मंजूर केल्या. संरक्षणाची त्यातच. चर्चा शून्य. याला गिलोटिन म्हणतात. ठरलेल्या वेळी, ज्या मागण्यांवर चर्चा झाली नाही त्या सगळ्या एकदम मताला टाकायच्या. अध्यक्षस्थानी सुमित्राताई महाजन होत्या, समोर गोंधळ चालू होता. आंध्रला विशेष दर्जा, पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा, कावेरी, प्रत्येकाची फलकं वेगळी. मागण्या, तिजोरीतून पैसे काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक आणि करांचं वित्त विधेयक मिळून अर्ध्या तासाच्या आसपास सगळं आटोपलं.

तुम्ही हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला जाता ना? हिशेबाचा कागद हातात पडतो न पडतो तोच पुढून आवाज येतो, ‘मंजूर? मंजूर!’ तिथेसुद्धा एखादे काका उठून पाण्याच्या टँकरच्या बिलाबद्दल विचारतात, आणि सेक्रेटरीला उत्तर द्यावं लागतं. इथे देशाच्या सैन्याची सामग्री जुनी आहे असं लेखी आलं होतं, आणि ‘याचं उत्तर काय?’ असं विचारायला जागाच नव्हती.

मला यात विरोधकांना सोडायचं नाही. गोंधळ त्यांनी घातला. सरकारलाही सोडायचं नाही, कारण गिलोटिन इतक्या लवकर आणायची घाई कुणी केली? अधिवेशन ६ एप्रिलपर्यंत होतं. मधे तीन आठवडे होते. पण माझा राग दोघांपेक्षा त्या नियमावर जास्त आहे. गोंधळ झाला तर काय, याचं उत्तर नियमात नाही. खंडुरींचं पुढे काय झालं म्हणाल, तर सप्टेंबर २०१८ मध्ये समित्यांची फेररचना झाली आणि संरक्षण समितीवर कलराज मिश्र अध्यक्ष म्हणून आले. समितीची मुदत एकच वर्षाची असते, त्यामुळे बदल नियमात बसतो. पण आकडे समजायलाच सदस्याला वर्ष लागतं, आणि समजले की समिती बदलते.

हे एकदाच झालं असतं तर मी इतका बोललो नसतो. २३ मार्च २०२३ ला तसंच झालं. सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प, चर्चेविना. त्या वर्षीचं एकच खातं घेतो, कारण ते आपल्या जिव्हाळ्याचं आहे. रोजगार हमी. वि. स. पागे तासगाव तालुक्यातले, त्यांच्या डोक्यातून निघालेली योजना. आपल्या विधिमंडळानं कायदा केला, पैसे कुठून आणायचे म्हणून व्यवसाय कर लावला, आणि पुढे २००५ मध्ये देशानं तशी हमी स्वीकारली. तर २०२२-२३ चा मनरेगाचा सुधारित अंदाज होता ८९,४०० कोटी. २०२३-२४ साठी तरतूद केली ६०,००० कोटींची. ग्रामविकासाच्या स्थायी समितीनं मार्च २०२३ मध्येच लिहिलं, की ही कपात चिंतेची आहे. त्याच महिन्यात गिलोटिन. आणि वर्ष संपताना त्याच योजनेचा सुधारित अंदाज किती? ८६,००० कोटी. म्हणजे समितीला मार्चमध्ये जे दिसत होतं, ते सरकारला वर्षभरात मान्य करावं लागलं. मधल्या काळात मजुरी वेळेवर न मिळाल्यानं कुणी काय सोसलं, ते या जिल्ह्यात कामावर जाणाऱ्या बाईला विचारा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं होतं ते आता भराभर.

पहिलं, उत्तराचं. आत्ताची रीत अशी की सरकार समितीच्या शिफारशींवर तीन महिन्यांत काय केलं ते कळवतं. मग समिती त्यावर आणखी एक अहवाल देते. त्यात ठरलेली प्रकरणं असतात, मान्य झालेल्या शिफारशी, समितीनं सोडून दिलेल्या, न पटलेली उत्तरं, आणि शेवटचं प्रकरण, ‘अंतिम उत्तर अद्याप आलेलं नाही’. ते शेवटचं प्रकरण आवर्जून वाचा. तोवर पैसे मंजूर होऊन, खर्च सुरू होऊन काही महिने उलटलेले असतात. माझी मागणी एवढीच, की मतदानाच्या किमान तीन दिवस आधी मंत्र्यांनी मुख्य शिफारशींवर दोन पानी लेखी निवेदन पटलावर ठेवावं. ते नसेल तर ती मागणी गिलोटिनमध्ये घेऊ नये. घटना बदलायला नको, लोकसभेचा नियम बदलला तरी पुरे. समितीचा सल्ला सल्लाच राहील. सरकार ‘पटत नाही’ असंही लिहू शकेल. पण लिहावं लागेल, आणि ते आपल्याला वाचता येईल.

दुसरं, वेळेचं. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो. आधी तो फेब्रुवारीच्या अखेरीस यायचा, लेखानुदान, म्हणजे पहिल्या काही महिन्यांपुरता खर्च आगाऊ मंजूर करून, घेऊन मे महिन्यात मंजूर व्हायचा. नव्या पद्धतीचा फायदा खरा आहे, खात्यांच्या हातात १ एप्रिलपासून वर्षभराचा पैसा येतो, आणि पावसाळ्याआधीचे कामाचे महिने वाया जात नाहीत. पण ३१ मार्चची भिंत समोर आल्यामुळे तपासणीचा काळ आवळला गेला. एका मंत्रालयाला एखाददोन बैठका मिळतात. अर्थसंकल्प जानेवारीत आणा, किंवा मोठ्या खात्यांपुरतं लेखानुदान पुन्हा घ्या.

तिसरं, माणसं. गोखल्यांना जोशी होते. समितीच्या सदस्याला आकडे लावून देणारे जाणकार पुरेसे हवेत, समितीपाशी, कायमचे.

चौथं, दार. संरक्षण आणि परराष्ट्र सोडून बाकी खात्यांच्या सचिवांच्या साक्षी खुल्या करायला काय हरकत आहे? यावर प्रामाणिक आक्षेप आहे, की कॅमेरा आला की खासदार पक्षाचे होतील. मला तो आक्षेप वजनदार वाटतो. म्हणून निदान साक्षीचं टिपण अहवालासोबत छापा.

केरळबद्दल एक वाक्य. तिथल्या विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत, आणि अर्थसंकल्पाच्या मागण्या त्यांच्याकडे तपासायला जातात. संसदेच्या १३ वर्षं आधी. राज्यांना हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगा. आपल्या विधानभवनातल्या पुरवणी मागण्यांवर मी बोललो तर अध्यक्ष माईक बंद करतील, तो विषय पुढच्या वर्षी बोलावलंत तर.

सगळ्या स्थायी समित्यांचे अहवाल लोकसभेच्या आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. तुमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत तेही तिथेच कळतं. मागण्यांवरचे अहवाल मार्चमध्ये येतात. शेतकऱ्यानं कृषी समितीचा उघडावा, यंत्रमागवाल्यानं वस्त्रोद्योग ज्या समितीकडे आहे तिचा. प्रश्न असतील तर मी खाली थांबतो, सभागृह रिकामं करायचं आहे म्हणून बाहेर व्हरांड्यात बोलू.